दोनशे पंचवीसचं नाव

आमच्या घरात 'ब्रेक' हा शब्द आला तेव्हा घरात साधी सायकलसुद्धा नव्हती. आई त्याला 'बिरेक' म्हणायची. "वसूला बिरेक लागला," असं ती शेजारणीला सांगायची ते अगदी ताप आल्यासारखं. आला तसा जाईल, पोराला दोन दिवस मऊ भात घालावा आणि बाहेर फार बोलू नये, असा तो सूर असायचा. माझा थोरला भाऊ वसंता चिंचवडच्या एका मोठ्या कारखान्यात टेंपररी होता. वर्षातून एकदा त्याच्या हातात एक कागद पडायचा, की काम कमी असल्यामुळे उद्यापासून येऊ नये. पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावणं यायचं, हजेरीचा नवा तिकीट नंबर मिळायचा आणि आधीची सगळी नोकरी पाटी पुसावी तशी पुसली जायची. टेंपररीचे दिवस एका हद्दीपुढे गेले की त्याला कायम करावं लागतं, एवढं कारखान्यातल्या सगळ्यांना ऐकून माहीत होतं. पण आपण त्या हद्दीला कधीच का पोचत नाही, हे कुणी कुणाला विचारत नव्हतं.

आम्ही पिंपळे गुरवचे. आबा, म्हणजे आमचे वडील, मी शाळेत असतानाच गेले. जमिनीचा मोठा तुकडा त्याआधीच कारखान्यांसाठी गेला होता आणि नदीकडेची दोन वावरं उरली होती. त्यांत वांगी, कोथिंबीर, मेथी व्हायची. पहाटे आईच्या भाकरी थापण्याचा आवाज आणि पलीकडून कंपनीचा भोंगा, हे दोन्ही मिळून आमचं घड्याळ. ब्रेक लागला तरी वसूदादा भोंग्याला उठायचा, तोंड धुवायचा, अंगात शर्ट घालायचा आणि मग ओट्यावर बसून राहायचा. त्या दिवसांत आई हुलग्याचं माडगं करायची, गूळ घालून, घट्ट. माडग्याचा तो वास मला आजही सहन होत नाही. चांगल्या हाडाचा, कामाला वाघ असलेला माणूस इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर माडगं पितो आहे, हे चित्र डोळ्यांपुढे येतं आणि कान तापतात.

आणि आई काय म्हणायची? "तुजंच काय तरी चुकत आसंल. फोरमनला उलट बोलला असशील. न्हाईतर बाकीच्यांना परमंट करत्यात आन तुला का न्हाई?" दादा खाली मान घालून ऐकायचा. कारण त्यालाही तसंच वाटायचं. एका वर्षी त्याला वाटलं आपण उशिरा गेलो म्हणून. पुढच्या वर्षी तो एकदाही उशिरा गेला नाही, तेव्हा वाटलं आपलं वेल्डिंग कच्चं आहे म्हणून. मग तो रविवारी पिंपरीच्या एका गॅरेजात फुकट राबून वेल्डिंग शिकला. ह्यावर उपाय म्हणून आईने कुलथे फोरमनला धरलं. दर शनिवारी आमच्या वावरातली टोपली कुलथ्यांच्या घरी जायची. वांगी निवडून, देठासकट, कोथिंबीर ओल्या फडक्यात. आमच्या ताटात मात्र किडकी वांगी. कुलथे बाई टोपली रिकामी करून परत द्यायच्या आणि म्हणायच्या, "साहेबांच्या लक्षात आहे हो."

मी सांगते आहे त्या वर्षी कुलथ्यांनी तोंडाने शब्द दिला. "वसंता, या खेपेला तू परमनंट. मी बसलोय ना." त्या शब्दावर आईने चाकणची सोयरीक ठरवली. मुलीचे वडील कांद्याच्या बाजारात मापाडी होते. त्यांनी एकच गोष्ट विचारली होती, पोरगा कायम आहे का. आई म्हणाली, "व्हतोय. पंधरवड्याचा सवाल हाय."

आता मी. मी अकरावी झाले, चिंचवड स्टेशनाजवळच्या क्लासात टायपिंग शिकले आणि त्याच कारखान्यात पंच ऑपरेटर म्हणून लागले. तिथे कॉम्प्युटर आला होता. एक मोठी थंडगार खोली, चपला बाहेर काढायच्या, आत स्वेटर घालून बसायचं. हजेरी, रजा, हिशेब, सगळं कार्डांवर. जाड कागदाचं कार्ड, त्यावर यंत्राने भोकं पाडायची. यंत्राला काय करायचं ते सांगणाऱ्या सूचना, म्हणजे प्रोग्रॅम, तोही कार्डांवरच, एका कार्डावर एक ओळ. एका प्रोग्रॅमची कार्डं लोखंडी ट्रेमध्ये वीतभर जाडीची व्हायची. शिकलेली पोरं दुसरीकडे निघून जायला लागली, तेव्हा कॉम्प्युटर खात्याच्या दामले साहेबांनी आम्हा दोघी मुलींना प्रोग्रॅम लिहायला शिकवायचं ठरवलं. एक मी आणि दुसरी नजमा. तिच्या वडिलांचं पिंपरीत मोटारच्या स्पेअरपार्टचं दुकान होतं. आम्ही दोघीही अर्थातच टेंपररी.

दामले साहेब हुशार होते, त्यात वाद नाही. पण त्यांची हुशारी स्वतःच्या खिशात ठेवायची होती. त्यांनी लिहिलेला हजेरीचा प्रोग्रॅम आमच्यापुढे टाकला आणि म्हणाले, वाचा. आम्ही वाचायला बसलो. इंग्रजी सोपी होती. पण जागोजागी नुसते आकडे. मिनिटं १५ पेक्षा जास्त असतील तर असं कर. दिवस २२५ झाले तर तसं कर. प्रकार ३ असेल तर तिकडे जा. पंधरा कसले? दोनशे पंचवीस कशासाठी? तीन म्हणजे कोण? नवख्या सुनेला स्वयंपाकघरात सोडावं आणि सगळे डबे सारखे, एकावरही चिठ्ठी नाही, तसं. उघडून चाखून बघायचं आणि तोंड पोळून घ्यायचं.

"साहेब," मी विचारलं, "ह्या आकड्यांना नावं का नाही दिली? पुस्तकात तर सांगितलंय. वरती एकदा लिहायचं की उशिराची सवलत म्हणजे पंधरा, आणि मग खाली सगळीकडे उशिराची सवलत असंच म्हणायचं. वाचणाऱ्याला कळेल तरी."

"वाचणाऱ्याला कशाला कळायला पाहिजे? यंत्राला कळतं ना?"

"पण आम्हाला शिकायचंय."

"शिकायचं असेल तर आकडे पाठ करा. मी केलेत." एवढं बोलून ते चष्मा पुसायला लागले.

अजूनही मला ह्याच एका वाक्याचा सगळ्यांत जास्त राग आहे. पुढे मी तीस वर्षं ह्याच भागातल्या पोरांना प्रोग्रॅमिंग शिकवलं. दर वर्षी कुणीतरी पहिल्या आठवड्यात नागडा आकडा लिहून आणायचंच आणि म्हणायचं, मॅडम, चालतंय ना. चालतंय! चालतं तर खोट्या मापाचं वजनही. पोरं म्हणायची, मॅडम इतक्या साध्या गोष्टीवर का भडकतात? परवा वसूदादाच्या नातीने मला लॅपटॉपवर काहीतरी दाखवलं. त्यात सरळ एक आकडा बसलेला, ना आगा ना पिच्छा. मी म्हटलं, हा कोण? ती म्हणाली, आजी, तो असाच आहे, आधीपासून. मी उठून बाहेर गेले, कारण पोरीवर ओरडायचं नव्हतं.

तर त्या वर्षी पर्सोनेलच्या, म्हणजे नोकरभरतीच्या खात्याच्या, साहेबांना त्यांच्या वकिलाने सांगितलं, की पंधरा दिवसांचा ब्रेक फार तोकडा दिसतो, पंचवीस करा. निरोप दामल्यांकडे आला. त्यांनी प्रोग्रॅमचा छापील कागद घेतला, लाल पेन्सिलीने सगळ्या पंधरांना गोल केले आणि नजमापुढे टाकला. नजमाने मुकाट्याने कार्डं बदलली. पंधराचे पंचवीस झाले. पण गेटवर उशिरा येणाऱ्याला जी पंधरा मिनिटांची सवलत होती, तीही पंधराच की! तिचेही पंचवीस झाले. तो अख्खा आठवडा कारखान्यात कुणाला उशीर झालाच नाही. गेटबाहेरच्या टपरीवर लोक दुसरा चहा मागवून निवांत प्यायला लागले, कारण हजेरीच्या कार्डावर उशिराचा लाल शिक्का काही पडेना. शेवटी वरून विचारणा झाली, की सगळा कारखाना एकाएकी इतका वक्तशीर कसा झाला?

दामले बाहेर आले आणि सगळ्यांदेखत नजमाला म्हणाले, "डोकं वापरायचं असतं!"

नजमाने लाल गोलांचा कागद त्यांच्यापुढे धरला. "साहेब, गोल तुमचे आहेत. मी फक्त भोकं पाडली."

ते लालबुंद झाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "नावं, नावं करत होता ना? घ्या. पूर्ण प्रोग्रॅमला नावं द्या. दोघींनी." शिक्षा म्हणून दिलं ते काम. आम्हाला मात्र दिवाळी झाली.

आम्ही बसलो. नाव रोमन अक्षरांत लिहावं लागायचं आणि तीस अक्षरांपर्यंत चालायचं, पण शब्द मराठी असायला यंत्राची काही हरकत नव्हती. उशिराची-सवलत, पंधरा. ब्रेकचे-दिवस, पंचवीस. प्रकार तीन म्हणजे टेंपररी. एकेक डब्याला चिठ्ठी लागत होती आणि प्रोग्रॅम गोष्टीसारखा वाचता यायला लागला. राहता राहिला दोनशे पंचवीस. मी दामल्यांना विचारलं. ते म्हणाले, "तो पर्सोनेलचा आकडा आहे. तुला काय करायचंय?"

नाव द्यायचं तर आकडा काय करतो ते बघणं भाग होतं. मी कार्डामागून कार्ड वाचत गेले. माणूस टेंपररी असेल आणि त्याचे दिवस दोनशे पंचवीस झाले, तर त्याचं नाव एका वेगळ्या पानावर छाप. त्या पानाचं काय होतं हे मला माहीत होतं, मीच ते दर आठवड्याला फाडून पर्सोनेलला पाठवत होते. त्यापुढचं काहीच कुठे नव्हतं. काम कमी आहे का, हे कुठे विचारलेलं नव्हतं. माणूस उशिरा येतो का, त्याचं काम चांगलं आहे का, फोरमनचं मत काय, काही नाही. फक्त टेंपररी आणि दोनशे पंचवीस. मी महिन्याच्या हजेरीत वसूदादाचा नंबर शोधला. त्याचे दोनशेच्या वर गेले होते. म्हणजे आई ज्याला पंधरवड्याचा सवाल म्हणत होती, तो पंधरवडा हाच.

मी कार्ड घेतलं आणि नाव पंच केलं. कायम-न-करण्याची-हद्द. नजमाने वाचलं आणि पदर तोंडाला लावला. "माले, हे वाचून मेलेला माणूससुद्धा उठून बसेल."

"खोटं आहे का?"

"खोटं असतं तर भीती वाटली असती का?"

प्रोग्रॅम चालला, बिनचूक. दामले खूश झाले. मोठेपणा मिरवायला त्यांनी छापील कागद स्वतः पर्सोनेलच्या साहेबांना दाखवला, बघा, आता कुणालाही वाचता येतं. दुपारी साहेबांनी आम्हाला आत बोलावलं. सफारी घातलेला, हळू बोलणारा माणूस. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"काढून टाक."

"आकडा चुकलाय का, साहेब?"

"आकडा बरोबर आहे."

"मग नाव चुकीचं आहे का?"

त्यांनी कागदावरचं बोट उचललं. मग म्हणाले, "चुकीचं नाही. पण लागत नाही. उद्या एखादा सरकारी माणूस हा कागद मागेल. दामले, तिथे काहीतरी साधं घाला. क तीन, वगैरे. आकडा एका जागी ठेवायची कल्पना मात्र चांगली आहे, तेवढी राहू द्या."

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. इतके दिवस मी दामल्यांना आळशी समजत होते, गर्विष्ठ समजत होते. ते दोन्ही होतेच. पण आकडा नागडा ठेवण्यात ह्या मोठ्या साहेबांची सोय होती. आकड्याला कुणी जाब विचारत नाही. नाव दिलं की प्रश्न सुरू होतात.

घरी गेले तो शनिवार होता. आई टोपली भरत बसली होती आणि दादा पाय धुवून कुलथ्यांकडे जायला निघाला होता. मी म्हटलं, "दादा, टोपली नेऊ नकोस. तुझं काही चुकत नाही." मग सगळं सांगितलं. आईला कार्ड, प्रोग्रॅम काही कळायचं नाही, म्हणून सरळ शब्दांत सांगितलं, की यंत्रात एक आकडा घातलाय, तो भरला की टेंपररी माणसाला काढायचं. कोण माणूस, कसला माणूस, काही बघत नाहीत.

मला वाटलं होतं दादाला हलकं वाटेल. तो भिंतीला टेकला आणि म्हणाला, "म्हंजे मी पैल्या दिशी गेटातनं आत गेलो, तवाच ठरलं व्हतं?"

"व्हय," मी म्हटलं.

"आन कुलथ्याला म्हाईत व्हतं?"

"पर्सोनेलकडून नावांचं पान फोरमनला आधी जातं."

त्याने इतक्या वर्षांत कधी शिवी दिली नव्हती. त्या दिवशी दिली आणि आईने त्याला अडवलं नाही. तिने टोपली ओढली, निवडलेली सगळी वांगी चुलीत भाजायला टाकली आणि म्हणाली, "आज भरीत. पोटभर खावा. लई वरसं दुसऱ्याच्या घरी जिरलं." भरीत चांगलंच झालं होतं. कुणाला फार गेलं नाही.

ठरल्या दिवशी दादाला कागद मिळाला. काम कमी असल्यामुळे. त्याच आठवड्यात त्याच्या शॉपला, म्हणजे खात्याला, ओव्हरटाइम चालू होता. पण जाता जाता त्याने कंपनीच्या बसमध्ये उभं राहून सगळ्या टेंपररी पोरांना आकडा सांगितला. दोनशे पंचवीस, मोजा. चार दिवसांत सगळ्या बसमध्ये "किती झालं, भाऊ?" सुरू झालं. कुणी आधीच साहेबांना जाऊन विचारायला लागलं, कुणी युनियनकडे गेलं. मला वाटलं, आता काहीतरी होईल.

झालं ते एवढंच, की साहेबांनी आकडा बदलला. लोक मोजून सावध व्हायच्या आत, दोनशे दहा. पूर्वी हे करायला सगळा ट्रे चाळावा लागला असता. आता माझ्या मेहनतीमुळे वरचं एकच कार्ड बदलायचं होतं. दामले ते माझ्याकडेच घेऊन आले. "क तीन, दोनशे दहा. मिनिटाचं काम आहे."

"मी नाही करणार."

"काय?"

"तुम्हीच पाडा भोकं."

त्यांना पंचिंगची सवय नव्हती. एका बोटाने खटखट करत बसले. पहिलं कार्ड चुकलं, दुसरं यंत्रात अडकलं. मी शेजारी हात बांधून उभी होते. नजमाने खालच्या खाली माझा हात दाबला. पुढे त्याच दुपारी मलाही कागद मिळाला. काम कमी असल्यामुळे. माझे तर अजून शंभरसुद्धा भरले नव्हते.

भर दुपारी घरी आले. आई अंगणात मेथी निवडत होती. ओट्यावर दादा होता, अंगात शर्ट नव्हता, निदान ते तरी सुटलं होतं. आईने मला बघितलं आणि तिच्या हातातली मेथी तशीच राहिली.

"तुला बी बिरेक लागला?"

"बिरेक नव्हे, आई," मी म्हटलं, आणि माझा आवाज गल्लीत ऐकू जाईल इतका चढला. "त्याचं नाव बिरेक नाही. मला काढलंय. दादालाही काढलंय. दर वर्षी काढतात."

तिने मेथी पुन्हा निवडायला घेतली. संध्याकाळी चूल पेटवली, भाकरी केल्या, माडगं मात्र केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि मला म्हणाली, "चल चाकणला." मला वाटलं, सोयरीक मोडायला निघाली. एसटीत सबंध वाटभर ती खिडकीबाहेर बघत होती.

मापाडी बाजारातून नुकतेच आले होते. अंगावर कांद्याची सालं तशीच. आईने पाणीसुद्धा घेतलं नाही. "तुमाला सांगितलं व्हतं पोरगा परमंट व्हतोय," ती म्हणाली. "न्हाई व्हनार. कंपनी त्याला काढती. दर साली काढती, आन परत घेती, आन परत काढती. त्यांनी तसा आकडाच घालून ठिवलाय. माज्या पोराचं काय चुकलेलं न्हाई. आता तुमी काय ते ठरवा."

मापाड्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आमच्या बाजारात बी उद्या येऊ नगं म्हनत्यात," ते म्हणाले, "पर तोंडावर म्हनत्यात. तुमी मग हे पैल्यांदाच का न्हाई सांगितलं?"

"पैल्यांदा मला त्याचं नाव म्हाईत न्हवतं," आई म्हणाली.

त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग आत वळून त्यांनी हाक दिली, "च्या टाका गं. दूध घालून."